एनएमएमएस आणि आठवीची शिष्यवृत्ती: जास्त गुण मिळूनही निवड का होत नाही?

ठाणे जिल्ह्यातल्या घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "माझी मोठी मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत आहे. आठवीत तिला केंद्राच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेत 180 पैकी 118 गुण मिळाले, तरी निवड झाली नाही. गावी दिराच्या मुलाला 109 मिळाले आणि त्याची निवड झाली. दोघांचा प्रवर्ग एकच. राज्य परीक्षा परिषदेच्या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही ती पात्र आहे असं निकालात आलं, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. हे काय गौडबंगाल आहे? धाकटी आता सहावीत आहे. तिला गावच्या शाळेत घालावं का? की खारघरला माझ्या आईकडे ठेवून तिकडच्या शाळेत?"

ताई, ठाणे जिल्ह्यातल्या अनुदानित शाळांमध्ये मी बरीच वर्षं गणित शिकवलं आणि या दोन्ही परीक्षांचे जादा तास घेतले. दरवर्षी निकालानंतरच्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी पालक शाळेच्या दारात उभे असायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गावाचा जिल्हा तुम्ही सांगितलेला नाही, पण त्याने उत्तर बदलत नाही.

सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या मुलीच्या निकालात चूक झाली आहे असं दिसत नाही, आणि पुतण्यावर कुणी मेहेरबानीही केलेली नाही. दोघांनी परीक्षा एकच दिली, पण त्यांची नावं वेगवेगळ्या याद्यांत होती. ठाण्याची यादी ठाण्यातल्या मुलांमध्ये लागते आणि गावची यादी गावच्या जिल्ह्यातल्या मुलांमध्ये. 118 आणि 109 हे आकडे एकमेकांसमोर कधी आलेच नाहीत.

आता हे असं का, ते बघू. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजेच एनएमएमएस, ही केंद्राची योजना 2008 मध्ये सुरू झाली. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्या राज्यांना वाटून दिलेल्या असतात. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 येतात. राज्याच्या आत हा कोटा पुन्हा जिल्ह्यांमध्ये वाटला जातो. जिल्ह्यात सातवी-आठवीत किती मुलं शिकतात आणि 12 ते 14 वयोगटातली मुलं किती, यावर जिल्ह्याचा वाटा ठरतो. मग त्या वाट्याचे प्रवर्गांनुसार भाग पडतात. शेवटी तुमच्या मुलीसमोर किती जागा होत्या, तर ठाणे जिल्ह्याच्या वाट्यातल्या तिच्या प्रवर्गाच्या तेवढ्याच. त्यातल्या शेवटच्या जागेवर आलेल्या मुलाचे जे गुण, त्यालाच आपण कट-ऑफ म्हणतो. तो आकडा आधी कुणी ठरवत नाही. निकाल लागल्यावरच तो दिसतो आणि दरवर्षी हलतो.

कट-ऑफ कुठे चढतो, कुठे उतरतो, याचं साधं सूत्र शोधू नका. शहर म्हणजे जास्त आणि खेडं म्हणजे कमी, असं पालक धरून चालतात. ते खरं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगडसारख्या तालुक्यांत शिष्यवृत्तीची जुनी परंपरा आहे. तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी सकाळी शाळेआधी आणि सुट्टीच्या दिवशीही तास घेतात, सगळं गाव निकालाची वाट बघतं. अशा ठिकाणी खेड्यातल्या मुलांची चुरस आपल्या नवी मुंबईपेक्षा कडवी असू शकते. उलट, जिथे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आहेत, जिथे पाड्यावरच्या मुलाला परीक्षेचं केंद्र गाठायलाच अर्धा दिवस लागतो, तिथे त्याच जागांसाठी तयारीने बसलेली मुलं कमी असतात. आपल्याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या आतल्या भागात हे बघायला मिळतं.

ठाण्याची आणखी एक खास गोष्ट आहे. आपल्याकडे बरीच मुलं खासगी विनाअनुदानित शाळांत शिकतात, आणि ती एनएमएमएसला बसूच शकत नाहीत. ही परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयची मुलंही त्यात येत नाहीत. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे जिल्ह्याचा वाटा काढताना वयोगटातली सगळी मुलं मोजली जातात, पण शर्यतीत ठरावीक शाळांमधलीच उतरतात. म्हणून ठाण्याचा कट-ऑफ कुठल्या वर्षी कुठे थांबेल, हे मी इतकी वर्षं याद्या बघूनही आधी सांगू शकत नाही. जो क्लासवाला छातीठोकपणे सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

ही वाटणी अन्यायाची आहे असं तुम्हाला आत्ता वाटत असेल. मुलगी घरात रडत असताना वाटणारच. पण माझं मत स्पष्ट आहे: जिल्हावार वाटणी असायलाच हवी. सगळ्या राज्याची एकच यादी लावली, तर तयारीची परंपरा असलेले मोजके जिल्हेच जवळजवळ सगळ्या जागा घेऊन जातील. शाळा सुटण्याची भीती ज्या मुलांना सगळ्यात जास्त आहे, ती नेमकी बाहेर राहतील. आणि ही योजना काढलीच आहे ती आठवीनंतरची गळती थांबवायला.

हे काही आपल्याकडेच होतं असंही नाही. एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, हिच्या पहिल्या टप्प्यातही राज्यवार कोटा होता. दुसरा टप्पा मात्र सगळ्या देशाचा एकच असायचा. (2021 नंतर ती थांबलेलीच आहे. तरी काही क्लास अजून तिच्या नावावर पैसे मागतात, तेवढं जपा.) ठाण्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आता अमेरिकेत न्यू जर्सीला शिकतात, त्यांच्याकडे चौकशी करून बघा. तिथे पीएसएटी नावाच्या परीक्षेवरून नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीचे उपांत्य फेरीचे उमेदवार निवडतात. राज्यात शाळेचं शेवटचं वर्ष पूर्ण करणारी मुलं जितकी, त्या प्रमाणात राज्याला जागा मिळतात. 2024 मध्ये शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी 228 पैकी न्यू जर्सीत 223 लागले, तर वेस्ट व्हर्जिनियात 207 पुरले. तिथेही मूल राहतं कुठे हे धरत नाहीत, शिकतं कुठे ते धरतात.

आपल्याकडेही तसंच आहे, आणि तुमच्या खारघरच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जिल्हा धरतात तो शाळेचा. घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात येतं. बेलापूरहून एकच स्टेशन पुढे खारघरला उतरलात की तुम्ही रायगड जिल्ह्यात असता. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला नवी मुंबईच म्हणतो, शिष्यवृत्तीच्या यादीत मात्र ते दोन जिल्हे आहेत. ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचंही तेच, त्याचं नाव मुंबईत येतं. म्हणजे कागदावर तुमचा विचार बरोबर आहे, शाळा बदलली तर यादी बदलते.

पण फक्त यासाठी शाळा बदलू नका, असंच मी सांगेन. पैशांचा हिशोब आधी करा. एनएमएमएसचे वर्षाला 12,000 रुपये मिळतात, नववी ते बारावी अशी चार वर्षं, म्हणजे सगळे मिळून 48,000. ज्या घराचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्याला ही रक्कम लहान नाही हे मला माहीत आहे. पण त्यासाठी अकरा-बारा वर्षांची पोर आईवडिलांपासून दूर ठेवायची, नवी शाळा, नवे शिक्षक, नव्या मैत्रिणी, आणि तेही दोन वर्षांनी तिथला कट-ऑफ कमी असेल या अंदाजावर! खारघर-पनवेल पट्ट्यात मनुष्यवस्ती झपाट्याने वाढते आहे, तिथली चुरस दोन वर्षांनी काय असेल ते कुणाला सांगता येणार? आणि नाव गावच्या शाळेत घालून मूल इथेच ठेवायचं, असं कुणी सुचवत असेल तर त्या वाटेला अजिबात जाऊ नका. ते खोटं आहे. नियमित विद्यार्थी असणं ही योजनेची अट आहे, आणि शाळेचा दाखला बिघडला तर पुढे दहावीपर्यंत निस्तरत बसावं लागतं. आजीकडे ठेवण्याचं दुसरं काही कारण असेल, तुमची नोकरी किंवा घरची अडचण, तर गोष्ट निराळी. मग शाळा अनुदानित आहे ना, एवढं मात्र आधी बघून घ्या.

आता 'पात्र' या शब्दाकडे येते, कारण त्यावरून घराघरात गैरसमज होतात. परीक्षा परिषदेच्या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर मिळून 300 गुण असतात. प्रत्येक पेपरात 40 टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं. पात्र म्हणजे उत्तीर्ण. शिष्यवृत्तीधारक होण्यासाठी त्यापुढे गुणवत्ता यादीत नाव यावं लागतं, आणि या परीक्षेतली वाटणी एनएमएमएसपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे. ग्रामीण भागासाठी तालुक्याच्या पातळीवर याद्या लागतात. शहरी भागासाठी जिल्ह्याची यादी लागते. आता ठाणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर, एका जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. शिवाय या परीक्षेला खासगी शाळांतली मुलंही बसतात. नौपाड्यातल्या आणि डोंबिवलीतल्या नावाजलेल्या शाळांमधली, चौथी-पाचवीपासून क्लास लावलेली मुलं आणि तुमची घणसोलीची मुलगी यांची यादी एक. मुरबाडच्या मुलीची स्पर्धा मुरबाड तालुक्यातल्या ग्रामीण मुलांशी असते. म्हणून शहरातल्या मुलांनी तालुक्याच्या यादीतल्या गुणांशी स्वतःची तुलना करून खचून जायचं कारण नाही, आणि तालुक्यातल्या मुलांच्या निवडीला कुणी कमी लेखायचंही कारण नाही. ज्या पोरीने घरात दिवे नसताना बुद्धिमत्ता चाचणीचे संच सोडवले आहेत, तिचे गुण मी कधीच हलके धरणार नाही.

मोठ्या मुलीसाठी आता काय करता येईल? एनएमएमएसमध्ये दोन्ही पेपर मिळून 40 टक्के म्हणजे 72 गुणांना मूल उत्तीर्ण होतं (अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 32 टक्के). तिला 118 आहेत, म्हणजे ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण आहे, फक्त कोट्यात बसलेली नाही. तुम्ही मराठा किंवा कुणबी असाल तर सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती नेमकी अशाच मुलांसाठी आहे, म्हणजे एनएमएमएस उत्तीर्ण आहेत पण केंद्राच्या यादीत नाहीत अशांसाठी. तिचे वर्षाला 9,600 रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो आणि मुदत कमी असते, त्यामुळे मुख्याध्यापकांना याच आठवड्यात भेटा. प्रवर्ग वेगळा असेल तर त्या प्रवर्गासाठी दुसरी काही योजना सुरू आहे का, तेही त्यांनाच विचारा.

याशिवाय नवी मुंबई महापालिकेची स्वतःची शिष्यवृत्ती योजना आहे, समाजविकास विभागामार्फत चालते. तिच्यात महापालिका शाळांतली मुलं, आर्थिक दुर्बल घटकांतली गुणवंत मुलं, विधवा आणि घटस्फोटित महिलांची मुलं, सफाई, नाका आणि बांधकाम कामगारांची मुलं असे गट असतात. इथे नियम उलटा आहे. शाळेपेक्षा तुमचं महापालिका हद्दीतलं वास्तव्य महत्त्वाचं ठरतं आणि त्याचे पुरावे मागतात. म्हणजे धाकटीला खारघरला किंवा गावी हलवलंत तर एक दार किलकिलं होईल आणि हे दुसरं बंद होण्याची पाळी येईल. हे आमच्याकडचे पालक हमखास विसरतात.

धाकटीचं नियोजन आतापासून करता येईल आणि तिथे तुमच्या हातात बरंच काही आहे. आधी लक्षात घ्या की शासनाने 2025 मध्ये राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून परत चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे तिची शिष्यवृत्ती परीक्षा सातवीत आणि एनएमएमएस आठवीत. मोठीचे पेपर तिला तसेच्या तसे लावू नका, शाळेतून त्या वर्षीची माहिती घ्या.

दोन परीक्षांची तयारी एकच, असा पालकांचा समज असतो. माझ्या अनुभवात ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच मुलांची निवड याच समजामुळे हुकते. शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता असते. क्लासमध्ये गणित आणि बुद्धिमत्तेवर जोर असतो, कारण 300 पैकी 200 गुण तिथेच आहेत. एनएमएमएसमध्ये बौद्धिक क्षमता चाचणी 90 गुणांची, तिथपर्यंत ही तयारी उपयोगी पडते. दुसरा पेपर शालेय क्षमता चाचणीचा, तोही 90 गुणांचा, आणि त्यात गणित फक्त 20 गुणांचं! उरलेल्या 70 गुणांत 35 विज्ञान आणि 35 समाजशास्त्र, म्हणजे इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल. आमच्या वर्गातली हुशार मुलं पहिल्या पेपरात 70 च्या पुढे जायची आणि दुसऱ्यात चाळिशीत अडकायची. सातवी-आठवीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं त्यांनी परीक्षेपुरतीच चाळलेली असायची. ग्रामीण शाळांतली मुलं पाठ्यपुस्तक मन लावून वाचतात आणि तिथे पुढे जातात.

म्हणून मी मुलांना महागडे प्रश्नसंच आणायला सांगत नाही. सातवीचं विज्ञान, भूगोल आणि इतिहासाचं पुस्तक घ्या, रोज दोन पानं वाचा आणि प्रत्येक पानावर चार पर्यायांचा एक प्रश्न स्वतः तयार करा. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न मैत्रिणीला घाला. तुमच्याकडे तर घरातच मोठी बहीण आहे. मोठीने धाकटीचे प्रश्न तपासले, तर तिचाही निकालाचा सल थोडा कमी होईल, कारण घरात तिचं शिक्षण उपयोगी पडतंय हे तिला दिसेल. आणि तिच्यासमोर पुतण्याचे गुण काढू नका, दिराच्या घरी फोनवर बोलतानासुद्धा नाही. तिने 118 मिळवले आहेत ही तिची कमाई आहे, तिचं कौतुक आधी घरात झालं पाहिजे.

पुतण्याच्या आईवडिलांनाही माझा एक निरोप द्या, कारण निवड झाल्यावर पैसे सुटण्याचे प्रकार मी फार बघितले आहेत. शिष्यवृत्ती आपोआप पुढे जात नाही. दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, तो शाळेने आणि नंतर जिल्ह्याने तपासावा लागतो. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि आधारवरचं नाव शाळेच्या नोंदीशी जुळायला हवं. आडनावाच्या स्पेलिंगवरून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत. दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 55. अकरावीला प्रवेश घेताना विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तुकडी निवडली, तर शिष्यवृत्ती थांबू शकते, म्हणून प्रवेशाच्या पसंतीक्रमातच अनुदानित तुकडी वर ठेवा. क्लासशी जोडलेल्या कॉलेजांच्या मोहात पडून अकरावीला ही रक्कम गेलेली मुलं ठाण्यात दरवर्षी दिसतात.

तुमच्या मुलीचं एनएमएमएसचं गुणपत्रक हाताशी असेल, तर दोन पेपरांचे गुण वेगवेगळे बघा. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्ह्याची निवड यादी असते, तीही उघडा आणि तिच्या प्रवर्गातल्या शेवटच्या निवडलेल्या मुलाचे गुण शोधा. खरा फरक तेवढाच आहे. तो दोन-चार गुणांचा निघाला तर गुणपडताळणीची मुदत कधीपर्यंत होती किंवा आहे, ते शाळेत विचारा. आणि दुसऱ्या पेपरातले विषयवार गुण मला इथेच लिहून पाठवा, धाकटीने सहावीच्या सुट्टीत कुठल्या विषयापासून सुरुवात करावी ते त्यावरून सांगते.